दाढोबाच्या घरावरची काच

१९ नोव्हेंबर, मंगळवार

शेकायच्या जागी ३९ अंश. गार कोपऱ्यात २५. दोन्ही दिवे सकाळी सातला लागले, संध्याकाळी सातला बंद झाले. एवढं लिहिलं की माझं काम संपलं. लेक निघताना म्हणाली होती, "बाबा, रोज तापमान लिहून ठेव, म्हणजे बघायचं विसरणार नाहीस." माझ्यावर किती भरवसा आहे ते कळलंच.

ती परवा गेली. पहिली नोकरी, देशाच्या पार पूर्व टोकाचं लांबचं शहर, कुठल्याशा प्रयोगशाळेत. राहायला जी खोली मिळाली आहे तिथे प्राणी चालत नाहीत. त्यामुळे घरात आता मी आणि दाढोबा. दाढोबा म्हणजे सरडा. दाढीवाला ड्रॅगन म्हणतात त्या जातीचा, हातभर लांब, रागावला की गळ्याखालची दाढी काळी करून फुगवतो. हिने आणला होता. ही म्हणजे माझी बायको. तिला जाऊन अकरा महिने झाले, तरी लिहिताना हात 'ही'च लिहितो.

वहीसुद्धा हिचीच, अर्धी भरलेली. पुढच्या पानांवर तिचं अक्षर आहे, दाढोबाचंच काहीबाही असणार. त्या पानांना रबर लावून टाकलंय आणि मी मागच्या बाजूने सुरुवात केलीय. तिचं अक्षर बघायची ताकद नाही, खरं सांगायचं तर.

२३ नोव्हेंबर, शनिवार

३९. २५.

लेकीचा फोन आला, व्हिडिओवरचा. तिला दाढोबा बघायचा असतो, म्हणून मी फोन उलटा करून सरळ पेटीसमोर धरतो. आज तो चांगला दगडावर छाती काढून बसला होता, सभेला आलेल्या पाहुण्यासारखा.

"खाल्लं का त्याने?"

"सात रातकिडे आणि भोपळ्याचा कीस. पाल्याला तोंड लावलं नाही."

"दिवे?"

"दोन्ही चालू."

दिव्यांची नावं घरात हिनेच पाडली. वरून टांगलेला गोल बल्ब तो 'शेकायचा', आणि पेटीच्या जाळीवर आडवी ठेवलेली लांबुडकी ती 'उन्हाची ट्यूब'. एक ऊब देतो, दुसरी उजेड. एवढ्याशा प्राण्याची बडदास्त बघा.

मग ती म्हणाली, "आणि बाकी?" मी म्हटलं, "बाकी ठीक." ती म्हणाली, "इथे दुपारी चारलाच अंधारून येतं रे." मी म्हटलं, दाढोबाला इथे मोजून बारा तास उजेड मिळतो, तू निर्धास्त राहा. मग उद्या लवकर जायचंय म्हणाली आणि फोन ठेवला.

२७ नोव्हेंबर, बुधवार

दुकानात एक निवृत्त नर्सबाई आल्या होत्या. आईवडिलांचा लग्नातला रंगीत फोटो, निम्मा उडालेला. खिडकीसमोर वीस वर्षं टांगला होता म्हणे. वडिलांचा कोट कुठल्या रंगाचा होता ते त्यांनाही आता आठवत नाही. मी त्यांना माझी चांगली काच दाखवली. तीस वर्षं फ्रेमा करतोय, ही काच विकताना मात्र अजून मजा येते. दोन काचा शेजारी धरल्या तर गिऱ्हाइकाला फरक दिसत नाही. फरक दिसत नाही हीच तिची खुबी. उन्हातला जो भाग रंग खातो तो ही काच अडवते, शंभरातले नव्व्याण्णव. उजेड मात्र सगळा आत सोडते.

"म्हणजे आता आहेत तसे राहतील ना?" नर्सबाईंनी विचारलं.

"तुमच्या नातवंडांपर्यंत," मी म्हटलं.

असल्या काचेचा एक मोठा तुकडा मी कधीचा बाजूला काढून ठेवलाय. हिच्या फोटोसाठी. फोटो कपाटात, काच भिंतीला टेकून. आज करू उद्या करू करत वर्ष होत आलं. दुसऱ्यांची माणसं भिंतीवर टांगताना माझा हात कापत नाही.

१ डिसेंबर, रविवार

सकाळी शेकायच्या जागी ३१ आणि गार कोपऱ्यात १८! थंडी एकदम पडली. पेटीचं झाकण म्हणजे नुसती जाळी, सगळी ऊब वर निघून जाते. दाढोबा काळवंडून दगडाला चिकटला होता.

दुपारभर खपून झाकण केलं. भिंतीला टेकलेला तो तुकडाच घेतला, नाहीतरी पडूनच होता. मापात कापला, कडा घासल्या. शेकायच्या बल्बाची आच थेट काचेला लागली असती तर काच तडकली असती, म्हणून त्याच्यासाठी काचेत गोल भोक पाडलं. काचेत गोल भोक हाताने पाडणं म्हणजे काय असतं हे ज्याचं त्यालाच कळतं. तीन तास श्वास रोखून बसलो होतो. एका कोपऱ्याला बोटभर फट ठेवली हवेसाठी. ट्यूब आता काचेवर आडवी, खाली स्वच्छ प्रकाश, धुळीचा कण नाही.

चारला ४०. गार कोपरा २४. दाढोबाने डोळे मिटून छाती काढली. कितीतरी महिन्यांनी मी काहीतरी धड केलं असं वाटलं.

३ डिसेंबर, मंगळवार

४०. २४.

लेकीला झाकण दाखवलं. म्हणजे तिनेच आधी विचारलं, "बाबा, वर काहीतरी चमकतंय." मग काय, मी सुटलोच. हिऱ्याने कसं आखलं, भोकाची कड कशी उतरवली, पाणी किती सोडायचं, सगळं सांगितलं. अर्धा तास तरी बोललो असेन.

मध्येच ती म्हणाली, "पण आई जाळीच ठेवायची ना?"

"तुझ्या आईला काच कापता येत होती का?"

ती हसली. "नाही रे. बरं, सांग, पुढे सांग." शेवटी म्हणाली, "किती दिवसांनी तू एवढं बोललास!"

काचेचा विषय निघाला की मी बोलतो, त्यात नवल काय.

२० डिसेंबर, शुक्रवार

३९. २४. आज वर्ष झालं. दुकान उघडलं. तीन फ्रेमा केल्या.

लेकीचा फोन आला. मी फोन पेटीसमोर धरला. दोघंही दाढोबाकडे बघत बसलो. तो झोपला होता.

६ जानेवारी, सोमवार

४०. २५. तापमानात बोट ठेवायला जागा नाही, तरी खाणं कमी झालंय. आठवड्यात सगळे मिळून नऊ रातकिडे. प्राण्यांच्या सामानाचं दुकान आहे तिथल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, हिवाळ्यात हे मंदावतातच, झोपून काढतात. मलाही पटलं. मीसुद्धा रविवारी बाराला उठलो.

लेकीचा आवाज बसल्यासारखा होता. जेवण जात नाही म्हणाली. म्हटलं, थंडीने होतं, दाढोबाचंही तसंच चाललंय.

२५ जानेवारी, शनिवार

३९. २४.

मागच्या पायाची बोटं थरथरतात. आधी वाटलं मलाच तसं दिसतंय. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. थरथरतात. काच पुसली, ट्यूब पुसली, शेकायचा बल्ब नवा आणून लावला. ट्यूब चांगली लख्ख जळतेय, तिला कशाला हात लावायचा.

शेजारचा चावीवाला दुकानात चहा प्यायला आला होता. त्याचं दुकान माझ्या दुकानाला लागून, मधली भिंत इतकी पातळ की त्याची कानस चालली की माझ्या फ्रेमा थरथरतात. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "सरड्याचं एवढं मनाला लावून घेतोस? दोन वर्षांमागे तर 'त्याला हात लावणार नाही' म्हणत होतास."

खरं आहे. हिने आणला तेव्हा मी आठवडाभर तोंड फुगवून बसलो होतो. ही म्हणायची, घरात आता दोन दाढीवाले आणि दोघांचाही स्वभाव सारखा.

मनाला का लावून घेतो ते चावीवाल्याला सांगितलं नाही, इथे लिहितो. लेक माझ्याशी कधी फारशी बोललीच नाही. त्या दोघींचं गूळपीठ. मी दुकानातून येणार, जेवणार, बातम्या बघणार. आता ती आठवड्यातून तीनदा फोन करते ते दाढोबासाठी. खाल्लं का, दिवे लागले का, रंग कसा आहे. हा उद्या गेला तर तिने फोन कशाला करायचा? मला विचारण्यासारखं काय आहे? एवढं लिहिलं आणि हात आखडला. झोपतो.

९ फेब्रुवारी, रविवार

४०. २५.

आज मी लेकीला फसवलं. पुढचा उजवा पाय तो आता उचलत नाही, ओढतो. म्हणून फोन यायच्या आधी त्याला हातावर घेतला, दगडावर नीट बसवला, पाय अंगाखाली सारला आणि तोंड कॅमेऱ्याकडे केलं. गिऱ्हाइकाला जुनी फ्रेम विकताना तुटकी कड भिंतीकडे करतात तसं.

"मस्त दिसतोय," ती म्हणाली.

"आहेच मस्त."

"बाबा, मी पुढच्या महिन्यात येऊ का दोन दिवस? जरा कंटाळा आलाय इथे."

ती आली तर बघणार. म्हटलं, नव्या नोकरीत एवढ्यात रजा बरी दिसत नाही. इथे सगळं व्यवस्थित आहे.

"बरं," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर पेटीजवळ बसून राहिलो. दाढोबा एका बाजूला कलला होता, तो तसाच राहिला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

खालचा जबडा दाबला तर वाकतो. हाड दाबलं आणि वाकलं! मी हात मागे घेतला. रातकिडा समोरून चालत गेला, दाढोबाने नुसता डोळा फिरवला. उद्या दुकान बंद ठेवतो. सरपटणाऱ्या प्राण्यांची एक डॉक्टर आहे, बसने दीड तास. तापमान ४०, २५. तापमान उत्तम आहे. नेमकं चुकतंय काय?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सावकाश लिहितो, म्हणजे एकही गोष्ट सुटायची नाही.

डब्याला गरम पाण्याची बाटली लावून नेला. डॉक्टर म्हणजे माझ्या लेकीपेक्षा पाचसहा वर्षांनी मोठी बाई, हात मात्र अनुभवी. तिने दाढोबाला उचलताच त्याने दाढी काळी करायचा प्रयत्न केला, तेवढीही ताकद नव्हती. एक्स-रे काढला. पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "हाड इथे पांढरं दिसायला हवं. तुमच्या ह्याचं राखाडी आहे. हाडं विरघळत चालली आहेत."

मी म्हटलं, खाणं देतो, कॅल्शियमची पूड टाकतो, तापमान रोज लिहितो. वही काढून दाखवली. तिने पानं चाळली, मान हलवली. "तापमान छान ठेवलंय. राहतो कसा ते दाखवा."

फोनमध्ये झाकणाचा फोटो होताच. खरं सांगतो, त्या घटकेलाही मी तो थोड्या अभिमानानेच पुढे केला. गोल भोक त्यात फार सुरेख आलं होतं.

"ट्यूबच्या खाली हे काय आहे?"

"काच."

"कसली काच?"

आणि मी सवयीने सुरू झालो. "साधी नाही हो. आमच्या धंद्यातली एक नंबर. फोटोचे रंग उडू नयेत म्हणून उन्हातला जो भाग रंग खातो, तो ही काच शंभरातले नव्व्याण्णव..."

हेच वाक्य मी दिवसातून चारदा बोलतो. ते आज पहिल्यांदा माझ्या कानावर पडलं.

डॉक्टर म्हणाली, "बसा." मी उभा होतो हेही मला माहीत नव्हतं.

तिने समजावलं, रागावली नाही. ती ट्यूब उजेडासाठी नसतेच. उन्हातला नेमका तोच भाग त्याला मिळावा म्हणून असते, त्याच्यावर त्याची हाडं बनतात. तो नसला तर किती का कॅल्शियम खाऊ घाला, अंगी लागत नाही. "साधी काचही बहुतेक सगळं अडवते," ती म्हणाली, "तुमची जरा जास्तच चांगली आहे." मग विचारलं, "ट्यूब कधी बदललीत?"

"अजून जळतेय."

"जळते हो. पण वर्षभराने तिच्यातलं ते संपतं, नुसता उजेड उरतो. डोळ्यांना कळत नाही."

ट्यूब हिने लावलेली. म्हणजे दीड वर्ष तरी झालं.

"वाचेल का?" मी विचारलं.

"आठ दिवस तोंडाने औषध घालावं लागेल, चुकायचं नाही. खाऊ लागला तर वाचेल. वाकलेलं मात्र सरळ होणार नाही." तिने नव्या ट्यूबचं नाव लिहून दिलं. वर फक्त जाळी. आणि हवा उबदार झाली की खऱ्या उन्हात धरायचं. "खिडकीतून नाही हं," दारापर्यंत आल्यावर पुन्हा म्हणाली.

बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. मी याला अडीच महिने नीट शेकत ठेवून उपाशी मारत होतो. माझ्या हाताने, मापात कापून, कडा घासून.

१९ फेब्रुवारी, बुधवार

झाकण काढलं. जाळी बसवली. नवी ट्यूब लावली. सकाळचं औषध ड्रॉपरने घातलं, निम्मं माझ्या बाहीवर गेलं.

ऊब राहावी म्हणून पेटीच्या बाजूंना जुने पुठ्ठे लावले. फोटोभोवती लावायच्या माउंटचे तुकडे दुकानात ढीगभर पडलेत. हे डिसेंबरात का नाही सुचलं? कारण मला काच सुचते. दुसरं काही सुचतच नाही.

ट्यूब नक्की कधी लावली होती ते बघावं म्हणून शेवटी वहीचं रबर काढलं. हिचं अक्षर. जरा उजवीकडे कललेलं, 'ळ' भलामोठा. पहिल्याच पानावर तारीख होती. दीड नाही, पावणेदोन वर्षं झाली. त्याखाली लिहिलेलं तसंच उतरवतो:

'ट्यूब दर दहा महिन्यांनी बदलणे, जळत असली तरी. वर जाळीच हवी, काच अजिबात नाही. (ह्यांच्या हाती पेटी पडू देऊ नये. काच बसवल्याशिवाय राहायचे नाहीत.)'

मी मोठ्याने हसलो. रिकाम्या घरात आवाज कसा येतो ते कळलं. मग हसू थांबेचना आणि मग ते हसू राहिलं नाही. वर्षभर कोरडा होतो. स्मशानातसुद्धा रडलो नव्हतो, लोकांना वाटलं असेल माणूस दगडाचा आहे. दाढोबा जाळीखालून एका डोळ्याने माझ्याकडे बघत होता.

सगळं वाचलं, चौतीस पानं. दाढोबाचं खाणं, कात टाकणं, दिवे आणि मध्येमध्ये आम्ही दोघं. 'आज लेक पहिल्यांदा हसली निकालानंतर.' 'हे आज दमून आले. सरड्याशी बोलले, मी ऐकलं नाही असं दाखवलं.' मला तर आठवतही नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

औषधाचा पाचवा दिवस. अजून आपणहून खात नाही.

लेकीचा फोन आला तेव्हा दगडावर बसवायला घेतला आणि तसाच परत ठेवला. पुरे झालं. फोन पेटीसमोर धरला आणि सगळं सांगितलं. पाय, जबडा, काच. दोन आठवड्यांपूर्वी पाय कसा लपवला तेही. बोलताना मी तिच्याकडे बघत नव्हतो, जाळीकडे बघत होतो.

मग फोन दाढोबाच्या वाकड्या पायाजवळ नेला.

"तू विचारलं होतंस," मी म्हटलं. "आई जाळीच ठेवायची म्हणून. मीच तुला उडवून लावलं."

"मला माहीत होतं थोडं," ती म्हणाली. "म्हणजे पक्कं नाही, पण आई काच नको म्हणायची एवढं आठवत होतं. मी म्हणणार होते बाबा. पण तू बोलत होतास. वर्षभरात पहिल्यांदा तू एवढं बोलत होतास. मला तोडवेना."

मी पेटीवरची जाळी नीट बसवली.

"आणि ट्यूब," ती म्हणाली. "ती मी बदलायला हवी होती. आई गेल्यावर मी तिकडे बघितलंच नाही."

"मीही नाही."

"वाचेल का तो?"

"खाल्लं तर."

मग मी तिला हिच्या वहीतलं ते वाक्य वाचून दाखवलं, कंसातलं. ती हसता हसता रडायला लागली, नाक ओढत म्हणाली, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

खाल्ला! एक रातकिडा. जबडा वाकडा झाल्यामुळे पहिल्यांदा निसटला, मग जिभेने ओढून घेतला. लेकीला लगेच कळवलं. तिचं उत्तर आलं, नुसती उद्गारचिन्हं, ओळभर.

९ मार्च, रविवार

३९. २३. चार रातकिडे आणि पाला. बोटांची थरथर थांबलीय. पुढचा पाय वाकडाच राहणार, पण आता टेकवतो.

हवा निवळली. दुपारी त्याला टोपलीत घालून दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो, खऱ्या उन्हात. चावीवाला दारात येऊन म्हणाला, "काय, म्हातारे दोघं शेकायला बसलेत वाटतं!" मग स्टूल आणून तोही बसला. इतकी वर्षं दुकान आहे, पायरीवर ऊन येतं हे मला ठाऊक नव्हतं. मी कायम आतच असायचो, काचांच्या मागे. पाठ चांगली शेकून निघाली.

संध्याकाळी ते झाकण उचललं. फेकायला नेलं होतं, फेकवेना. भोक टाळून उरलेला भाग हिच्या फोटोच्या मापाला पुरत होता, दोन बोटं शिल्लक राहून. काप घेतला. फ्रेम साधीच केली, लाकडाची. काचेचा दोष नाही, तिची जागा मी चुकवली होती. जिला आता उन्हाची गरज नाही तिच्यावर ती ठीक आहे. फोटो पेटीच्या वरच्या भिंतीला लावला. खिळा दोनदा वाकला, पण लावला.

२२ मार्च, शनिवार

लेकीचा फोन आला. मी नेहमीसारखा उलटा करून पेटीसमोर धरला. दाढोबा वाकड्या तोंडाने जाळीकडे बघत शेकत होता.

"दिसला?"

"दिसला. आईचा फोटोही दिसला. छान लावलायस."

"आज पाच खाल्ले त्याने. भोपळाही. डॉक्टर म्हणाली, आता महिन्याने आणलं तरी..."

"बाबा."

"काय?"

"सरडा बघून झाला. आता फोन तुझ्याकडे वळव."

वळवला. केस विंचरलेले नव्हते, शर्टाला गोंद लागलेला होता. पडद्यावर ती होती, तिच्या त्या खोलीत, दिव्याखाली. मी तिला नोव्हेंबरापासून नीट बघितलंच नव्हतं. गालाची हाडं वर आली आहेत. डोळ्यांखाली काळं.

"बारीक झालास," ती म्हणाली.

"तूही."

ती खाली बघून नखाने काहीतरी खरवडत राहिली. हिची सवय आहे ती, अगदी तीच. मी विचारलं, "आणि बाकी?"

"बाकी ठीक नाही, बाबा," ती म्हणाली, आणि सांगायला लागली.

आज तापमान लिहायचं राहिलं.